एका जोड्याला किती डोकी

सुलेमान होडेकरांनी अर्धं जग पाहिलं होतं, पण कोणी तिकडच्या राजवाड्यांबद्दल विचारलं तर ते गप्प बसत. राजवाडे त्यांनी पाहिलेच नव्हते. ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. तरुणपणी रत्नागिरीच्या राजिवड्याहून मुंबईला गेले, तिथून जहाजावर चढले आणि पन्नाशी उलटल्यावर घरी परतले. मधल्या वर्षांत बंदर लागलं की बाकीचे खलाशी बाजारात नाहीतर सिनेमाला पांगत आणि सुलेमान आधी केस कापायला जात. त्याला कारण होतं. एकदा जेवणात केस निघाला आणि कप्तानाने सगळ्यांसमोर ताट उलटं केलं. तेव्हापासून त्यांनी डोक्यावर बोटभर केस वाढू दिले नाहीत. त्यामुळे रॉटरडॅम काय, मोम्बासा काय, योकोहामा काय, प्रत्येक शहर त्यांना पहिल्यांदा दिसलं ते न्हाव्याच्या खुर्चीतून.

रॉटरडॅमच्या पहिल्या फेरीत त्यांच्या बुटाचा तळ गेलेला. केस कापून घेताना समोरच्या आरशात त्यांना न्हाव्याचे पाय दिसले. पायांत काळे, जाड चामड्याचे, चकचकीत बूट. सुलेमानांना एकदम मुंबईतला आपला नेहमीचा न्हावी आठवला. हात सोन्याचा, आणि पायांत तारेने बांधलेली चप्पल. त्यांनी न्हाव्याच्या बुटांकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोक्याकडे, आणि बोटं उघडमीट करून विचारलं, असा जोडा घ्यायला किती डोकी कापावी लागतात?

न्हावी आधी घाबरला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो पोट धरून हसला. दोन्ही हातांची बोटं त्याने एकदा दाखवली. दहा.

मुंबईत परतल्यावर सुलेमानांनी तोच प्रश्न आपल्या न्हाव्याला केला. त्याने बराच वेळ मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "चाळीस तर खरीच. पण चाळीस डोक्यांचे पैसे कधी हातात राहिलेत का, मियाँ?"

त्या दिवसापासून सुलेमानांना हा नादच लागला. मोम्बासाला तीसच्या वर. बसऱ्याला पंचवीस. योकोहामाच्या म्हाताऱ्या न्हाव्याला खाणाखुणा भलत्याच कळल्या आणि तो खाली बसून यांचेच बूट पुसायला लागला. पण शेवटी त्याच्याकडूनही उत्तर मिळालं, वीसच्या आसपास. गंमत म्हणजे सुलेमान त्या बंदरात अनेक वर्षं जात राहिले आणि दर खेपेला आकडा खाली येत गेला. शेवटच्या खेपेला त्या न्हाव्याच्या मुलाने आठ बोटं दाखवली. तेच दुकान, तीच खुर्ची, भिंतीवरचं घड्याळही तेच.

रत्नागिरीला परत आल्यावर सुलेमानचाचांचा मुक्काम असे धोंडूच्या सलूनमध्ये. गोखले नाक्याच्या मागच्या गल्लीत ते दोन खुर्च्यांचं दुकान होतं. एका खुर्चीपाशी धोंडू, दुसरीपाशी त्याचा धाकटा भाऊ रघू. धोंडू सावकाश, शांत, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेवर दोनदा तुरटी फिरवणारा. रघूचा हात झपाट्याचा आणि तोंड त्याहून. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायको काशी सासरी आल्यापासून घर एकदम लहान झालं होतं.

त्र्याऐंशीचं साल असावं. एका सकाळी दुकानात आगाशे सर दाढीला बसले होते. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. धोंडू त्यांच्या गालाला साबण लावत असताना चाचा बाकावर पेपर वाचत होते. त्यात जगातल्या देशांची यादी छापली होती, कोणाचं दरडोई उत्पन्न किती. तेलवाली लहानशी राज्यं पार वर, आणि आपण कुठं ते शोधायला चाचांचं बोट पान उतरत उतरत तळाशी गेलं.

"सर, हे मोजतात कसं?" चाचांनी विचारलं.

साबणाखालून आगाशे म्हणाले, "देशात वर्षभरात जे जे तयार झालं, जी जी कामं झाली, त्यांची किंमत लावायची. सगळी बेरीज करायची आणि माणसांनी भागायचं. दुसऱ्या देशाशी ताडून बघायचं असेल, तर त्याचे डॉलर करायचे."

"धोंडू माझे केस कापतो, त्याचे डॉलर किती?"

"दोन रुपये ना? वीस सेंट धरा."

"आणि अमेरिकेत?"

"पाच-सहा डॉलर तरी पडत असतील."

चाचांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे हेच माझं डोकं तिकडे नेलं की पंचवीसपट मोठं होतं?"

रघू फिसकन हसला. आगाशेही हसले, तसा धोंडूने वस्तरा मागे घेतला.

"डोकं तेवढंच राहतं, होडेकर. तीच तर अडचण आहे. नुसते डॉलर करून बघितलं की आपण आहोत त्याहून जास्त गरीब दिसतो. कारण इथं केस कापणं, घर बांधणं, रिक्षा, सगळं स्वस्त. म्हणून अलीकडे काही लोक वेगळ्या तऱ्हेने मोजायला लागलेत. एक टोपली धरायची. तिच्यात तांदूळ, कापड, घरभाडं, केस कापणं, सगळं थोडं थोडं. ती टोपली प्रत्येक देशात केवढ्याला पडते ते बघायचं."

चाचा उठून उभेच राहिले. इतकी वर्षं जो नाद त्यांना स्वतःचा वेडेपणा वाटत होता, तोच कुठंतरी शहाणी माणसं पगार घेऊन करत होती! त्यांनी आगाशेंना आपली सगळी कथा सांगितली, डोकी, जोडे, योकोहामाचा म्हातारा. आगाशे अर्धी दाढी तशीच ठेवून खुर्चीत वळून ऐकत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले, "पण तुम्ही एकच वस्तू धरलीत. बूट बनवणारा कारखाना गावातच असला तर जोडा स्वस्त, आणि तुमचा आकडा फसला. शिवाय अनवाणी चालणाऱ्यांचं काय?"

"ते खरं," चाचा म्हणाले. "पण सर, मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. रॉटरडॅमचा न्हावी काय किंवा हा धोंडू काय, कात्री तीच, डोकं तेच, वेळ तेवढाच. उलट धोंडूचा हात त्याच्याहून बरा. मग त्याला दहा डोक्यांत जोडा आणि आपल्याकडे चाळीस का?"

"कारण न्हाव्याची मजुरी त्याच्या कात्रीवर ठरत नाही. शेजारच्या कारखान्यात ठरते."

चाचांना हे साफ पटलं नाही. "म्हणजे माझ्या कालवणाची चव शेजारणीच्या चुलीवर ठरते म्हणा!"

दुकानात हशा झाला. आगाशेंना कॉलेजची वेळ झाली होती, विषय तिथंच राहिला. हसला नाही तो रघू. हातातला कंगवा तसाच धरून त्याने विचारलं, "चाचा, खरंच दहा डोक्यांत?"

"अल्ला शपथ. दहा."

पुढे महिनाभर रघू त्यांना काहीबाही विचारत राहिला. तिकडच्या न्हाव्याला घर केवढं? तो रविवारी दुकान उघडतो? त्याची पोरं काय करतात? चाचांना ऐकणारा भेटला होता, ते हातचं न राखता सांगत. धोंडू आपला कात्री चालवत असे.

आणि एका मंगळवारी रघू दुकानात आलाच नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नायलॉनचे दोर बनवणारा नवा कारखाना निघाला होता, तिथं तो लागला. आठवडाभरात त्याने मिरजोळ्यालाच एक खोली घेतली आणि काशीला घेऊन गेला. दुसरी खुर्ची रिकामी पडली. बापाने दोन मुलांसाठी म्हणून घेतलेल्या त्या खुर्च्या होत्या.

चाचा नेहमीसारखे बाकावर येऊन बसले, तेव्हा धोंडूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो म्हणाला, "चाचा, एक सांगू? तुमच्या जगाच्या गोष्टी माझ्या दुकानात नकोत. माझा भाऊ गेला त्यापायी."

"अरे, मी त्याला जा म्हटलं काय?"

"जा म्हटलं नाय. पण इथं राहण्यासारखं काय नाय, हे रोज सांगितलंत."

चाचा उठले. वाटेत भाट्याच्या खाडीच्या वाऱ्यावर उभे राहून त्यांनी खूप विचार केला, आणि धोंडू अगदीच खोटं बोलला नाही असं त्यांना वाटलं. आपण कुतूहलापोटी बोलत होतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात आपलं आयुष्य दिसत होतं.

ते त्या दुकानात जाईनासे झाले. दुसऱ्या सलूनमध्ये जायला मन होईना. केस कानांवर आले, तेव्हा त्यांच्या पत्नी हफीजाबी कपडे बेतायची कात्री घेऊन पुढे आल्या.

"बसा इथं पायरीवर. हलू नका."

हफीजाबींनी आयुष्यभर झबली आणि कुडते शिवले होते. डोकं त्यांनी कापडासारखं कापलं, सरळ रेषेत, आणि एक बाजू कमी वाटली म्हणून दुसरी, मग परत पहिली. चाचा आरशात बघून हादरले.

"याचे किती?" चाचांनी चेष्टेने विचारलं.

"माझे कधी कोणी दिलेत?" हफीजाबी केस झाडत म्हणाल्या. "त्या सरांना विचारा, ते एवढं देशाचं मोजतात तर माझी चूल, माझं शिवण कुठं मांडतात?"

प्रश्न बिनतोड होता. डोक्याला रुमाल बांधून चाचा त्याच संध्याकाळी आगाशेंच्या घरी गेले. आगाशेंनी रुमालाचं कारण विचारलं आणि मग दोघंही हसले. पण हफीजाबींचा प्रश्न ऐकल्यावर सर गंभीर झाले.

"कुठंच मांडत नाहीत," ते म्हणाले. "खाणावळीतला भात मोजतात, घरातला नाही. कापड विकलं तर मोजतात, पोराच्या अंगावर चढवलं तर नाही. आम्ही शिकवताना हे एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. फार मोठा खड्डा आहे तो."

"मग ती यादी कशी खरी?"

"निम्मी खरी. उंची मोजली म्हणून तब्येत कळत नाही, पण उंची मोजायलाही लागतेच."

चाचांना हा माणूस आवडला. आपल्या विद्येतली भोकं तो झाकत नव्हता. उठता उठता त्यांनी रघूचं सांगितलं, धोंडूचे शब्दही सांगितले. आगाशे त्यांच्याबरोबर दारापर्यंत आले. "मिरजोळ्याला जाऊन बघून या," एवढंच म्हणाले.

चाचा एसटीने मिरजोळ्याला गेले. रघूने त्यांना फाटकातच बघितलं आणि सुपरवायझरची परवानगी काढून आत नेलं. लांबलचक पत्र्याची शेड. आत एवढा आवाज की ओरडून बोलावं लागे. एका टोकाला पांढरे धागे रिळांवरून सुटत होते, मध्ये पोलादी चक्रं गरगरत होती आणि दुसऱ्या टोकाला दोर बाहेर पडत होता, निळा, गुळगुळीत, थांबतच नव्हता. रघूचं काम म्हणजे रिळं संपली की बदलायची, धागा तुटला की जोडायचा.

चाचांनी दोर हातात घेतला. दोराची पारख त्यांना होती. जहाज बांधायचे दोर त्यांनी जन्मभर पाहिलेले. आणि लहानपणी काठावरच्या बायका नारळाचा काथ्या भिजवून, कुटून, मांडीवर वळून सुंभ करत, तेही पाहिलेलं. अख्खा दिवस हात सोलवटून एखादी बाई जेवढं सुंभ वळे, तेवढा दोर इथं चहा पिऊन होईपर्यंत ढिगात पडत होता.

"रघू, हे सगळं तू एकटा?"

"मी नि हे मशीन," रघू ओरडून म्हणाला. "चाचा, हातात कला नाय काय यात. कोणीपण करील. पण दादाच्या दुकानातल्यापेक्षा पगार जास्त हाय." मग जवळ येऊन त्याने विचारलं, "दादा कसा हाय?"

"माझ्याशी बोलत नाय तो."

"माझ्याशी पण नाय," रघू म्हणाला आणि तुटलेला धागा जोडायला वळला.

परतीच्या एसटीत चाचा दोराचाच विचार करत होते. एका माणसाच्या हातून एवढा माल निघतो, म्हणून कारखाना त्याला जास्त देऊ शकतो, इथवर त्यांना समजलं. पण यात न्हाव्याचा संबंध कुठं आला? धोंडूच्या कात्रीतून काही दुप्पट केस पडत नव्हते.

उत्तर त्यांना धोंडूच्या दुकानाच्या दारात मिळालं. राहवलं नाही म्हणून ते गेले होते. दारावर नवी पाटी होती. केस कापणे तीन रुपये. रघूच्या खुर्चीपाशी एक परका माणूस उभा होता, खेडचा, चाळिशीचा.

धोंडूने आरशातून चाचांना पाहिलं. चाचांनी रुमाल काढला. धोंडूची कात्री हवेतच थांबली. त्याने राग धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण ओठांचे कोपरे हलायला लागले.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"हफीजाने."

"मला वाटलं उंदरांनी."

मग तो हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बाकावरची माणसंही हसू लागली. "या, बसा. असे रस्त्यातून हिंडू नका, माझी अब्रू जाते."

चाचा खुर्चीत बसले. अंगावर कापड टाकताना धोंडू म्हणाला, "बोललो ते मनात धरू नका."

"नाय धरलं. पण ही पाटी काय?"

"काय करू? रघूच्या जागेवर माणूस शोधला. जो येई तो म्हणे, मिरजोळ्याला एवढे मिळतात, तुम्ही किती देणार? जुन्या मजुरीवर कुत्रं फिरकेना. हा आला तो वाढवून दिल्यावर. मग दर वाढवायला लागला. गिऱ्हाइकं चार दिवस कुरकुरली, पण जाणार कुठं? पलीकडच्या सलूनमध्येही कारागीर टिकेना, त्यानेही वाढवला."

चाचा खुर्चीतून अर्धे उठले. मानेवरचं मशीन थोडक्यात चुकलं.

"अरे धोंडू! हेच ते!"

"काय ते?"

"सर म्हणाले होते, तुझी मजुरी शेजारच्या कारखान्यात ठरते. मी हसलो त्यांना. दोर तिकडे वळला जातो नि भाव तुझ्या कात्रीचा वाढतो! रॉटरडॅमभोवती असले कारखाने किती असतील, विचार कर. ते योकोहामाला माझ्या डोळ्यांदेखत झालं, नि मला दिसलं नाही. मी आपला दुकानातच बघत बसलो. दुकानात काहीच बदललेलं नव्हतं. बदललं ते बाहेर."

धोंडूने त्यांना खांदे धरून खाली बसवलं. "म्हणजे रघू गेला म्हणून माझा दर वाढला?"

"रघू जाऊ शकतो म्हणून वाढला."

हफीजाबींनी केलेल्या पायऱ्या एकेक करून धोंडू सारख्या करत होता. शेवटी हळूच म्हणाला, "भाऊ गेला म्हणून भाव आला, याचा आनंद कसा करू, चाचा?"

चाचांना त्या क्षणी आपला उत्साह थोडा खुपला. त्यांनी आरशात बघत धोंडूच्या हातावर हात ठेवला. "तो तुझी चौकशी करत होता," ते म्हणाले. "मी जाऊन आलो. पहिलं वाक्य तेच होतं." हे अगदी तंतोतंत नव्हतं, पण चाचांना त्यात पाप वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आगाशेंना भर रस्त्यात थांबवून सांगितलं, "सर, तुमचं बरोबर होतं. मी उगाच कालवणाची चव मध्ये आणली." सरांनी छत्री बगलेत मारून सगळी हकिकत ऐकली आणि दोराच्या शेडचं वर्णन परत एकदा सांगायला लावलं. पुढच्याच आठवड्यात ते आपला वर्ग घेऊन मिरजोळ्याला गेले. पुस्तकातला तो धडा त्यांनी इतकी वर्षं शेड न बघताच शिकवला होता, असं ते स्वतःच सांगत.

भाद्रपद आला. मुंबईहून चाकरमानी उतरायला लागले आणि धोंडूच्या दुकानापुढे रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. गणपतीपूर्वी प्रत्येकाला डोकं नीट करून हवं होतं. नेमका तेव्हाच खेडचा कारागीर आपल्या घरच्या गणपतीसाठी गावी गेला. धोंडू एकटा, सकाळपासून पाणीही न पिता उभा. चाचा बाकावर बसून लोकांचे नंबर सांभाळत होते आणि भांडणं मिटवत होते.

दुपारच्या सुमारास रघू आला. कारखान्याला सुट्टी होती. दारात क्षणभर घुटमळला, मग सदरा काढून खुंटीला लावला, बनियनवर उभा राहून हात धुतले आणि आपल्या जुन्या खुर्चीमागे गेला. धोंडूने मान वर केली नाही. फक्त खांद्यावरचा स्वच्छ पंचा काढून बाजूला टाकला, रघूच्या हाताला लागेल असा.

दोघांच्या कात्र्या चालू लागल्या. रघूच्या हाताची सवय जरा मोडली होती, पहिल्या दोन डोक्यांना वेळ लागला. तिसऱ्यापासून पूर्वीचा झपाटा आला.

"काशी कशी हाय?" अखेर धोंडूने विचारलं.

"बरी हाय. गणपतीला येते म्हणाली. बोलवलंत तर."

"बोलवायला काय ती परकी हाय?" धोंडू कात्री आपटून म्हणाला. "आपला गणपती काय माझ्या एकट्याचा हाय?" मग रांगेकडे पाहून त्याने आवाज चढवला, "मंडळी, अर्धा तास थांबा. आम्ही भाऊ जेवून येतो."

रांगेत कुरकूर सुरू झाली. सुलेमानचाचा उठले, दुकानाच्या दारात आडवे उभे राहिले आणि पहिल्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "थांबा हो. तोवर तुम्हाला मोम्बासाच्या न्हाव्याचं सांगतो. त्याच्या दुकानाला भिंतीच नव्हत्या. आंब्याचं झाड होतं, नि आरसा फांदीला टांगलेला..."

दोघं भाऊ गल्लीच्या टोकाला वळले तेव्हा रांग चाचांभोवती गोळा झाली होती.